वाचकांचे प्रश्न : जेनेसिस कुठून ऐकावे, कुठे थांबावे?

गेल्या अंकात 'जेनेसिस' या ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉक बँडवर लिहिलेले टिपण वाचून सांगली, मिरज, तासगाव आणि साताऱ्याहून अनेक वाचकांनी प्रश्न पाठवले. त्यांपैकी काही निवडून येथे उत्तरे देत आहे. अल्बमांविषयीची मते माझी स्वतःची आहेत. ज्यांना ती पटणार नाहीत त्यांनी अवश्य लिहावे.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. 'इन्व्हिजिबल टच' ऐकून मला जेनेसिसची गोडी लागली. जुने अल्बम याहून चांगले आहेत असे कळल्यावर अगदी पहिल्यापासून ऐकायला घेतले, पण पहिलाच अल्बम अर्ध्यात सोडावा लागला. पुढे जाऊ की नको? — एक विद्यार्थी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : जरूर पुढे जा, फक्त क्रम बदला. 'फ्रॉम जेनेसिस टू रेव्हलेशन' हा १९६९चा अल्बम म्हणजे चार्टरहाउस या शाळेतल्या, नुकतीच विशी गाठणाऱ्या मुलांचे काम आहे. निर्माता जोनाथन किंग हाही त्याच शाळेचा माजी विद्यार्थी होता. छोटी छोटी गाणी आणि त्यांवर नंतर चढवलेली व्हायोलिनांची साय असे त्याचे स्वरूप आहे. गायक पीटर गॅब्रिएलचा आवाज सोडला, तर पुढच्या जेनेसिसची खूण त्यात फारशी सापडत नाही.

तुम्ही १९७३च्या 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड'पासून सुरुवात करा. पहिले गाणे कोणत्याही वाद्याशिवाय, गॅब्रिएलच्या एकट्या आवाजात सुरू होते, आणि काही मिनिटांतच पाचही जण इतक्या वेगाने वाजवू लागतात की सुरुवातीची शांतता कुठे संपली हे कळत नाही. तिसरे गाणे 'फर्थ ऑफ फिफ्थ' मात्र डोळे मिटून ऐका. टोनी बँक्सच्या एकट्या पियानोने ते उघडते. मग गाणे येते, आणि मध्यावर गॅब्रिएल बासरीवर एक साधी, उदास सुरावट वाजवतो. पुढे पियानोचा सुरुवातीचा भाग सगळ्या बँडसह परत येतो, आणि तो ओसरल्यावर स्टीव्ह हॅकेट तीच बासरीची सुरावट इलेक्ट्रिक गिटारवर घेतो. सूर जवळपास तेच असतात, पण तो एकेक सूर इतका लांबवतो आणि दोन सुरांमधली जागा इतकी भरून काढतो की मघाशी कानांवरून सहज गेलेली ओळ आता सोडवत नाही. रॉकमधल्या गिटारवादनात याहून संयमी आणि याहून आर्त असे मी काही ऐकलेले नाही.

हा अल्बम निर्दोष नाही. 'द बॅटल ऑफ एपिंग फॉरेस्ट' या लांबलचक गाण्यात शब्द इतके ठासून भरले आहेत की उत्तम संगीताला श्वास घ्यायला जागा उरत नाही. ते एक गाणे खुशाल वगळा. यानंतर 'फॉक्सट्रॉट' (१९७२), मग 'नर्सरी क्राइम' (१९७१), आणि कान तयार झाले की 'ट्रेसपास' (१९७०), असे मागे मागे जा. पहिला अल्बम त्यानंतर ऐकलात, तर निदान कुतूहल म्हणून तरी आवडेल.

प्रश्न : आमचा तंतुवाद्ये बनवण्याचा पिढीजात व्यवसाय आहे. मुलाने 'सपर्स रेडी' ऐकवले. सुरुवातीला जे झंकारणारे वाद्य वाजते ते कोणते? आमच्या तंबोऱ्याची आठवण झाली, पण आवाज तंबोऱ्याचा नाही. — एक वाद्य कारागीर, मिरज

उत्तर : आपल्या कानाला दाद द्यावी लागेल, कारण आपण नेमक्या मर्मावर बोट ठेवले आहे. 'फॉक्सट्रॉट'मधल्या या गाण्यात वाजते ती बारा तारांची गिटार आहे, आणि एक नव्हे तर अनेक. बेसवादक माइक रदरफर्ड, हॅकेट आणि एरवी कीबोर्डवर बसणारा बँक्स असे तिघे मिळून ती वाजवतात.

या गिटारीत तारांच्या सहा जोड्या असतात. खर्जाकडच्या चार जोड्यांत एक तार मूळ सुराची आणि दुसरी तिच्या वरच्या सप्तकातली असते. उरलेल्या दोन जोड्यांत दोन्ही तारा एकाच सुरात लावतात. तंबोऱ्याचा झंकार घोडीवरच्या जवारीतून, म्हणजे तिच्या पृष्ठभागाला दिलेल्या बारीक उतारातून, आणि तारेखाली सरकवलेल्या दोऱ्यातून येतो, हे मी आपल्याला सांगायला नको. येथे जवारी नाही. जोडीतल्या दोन तारा कितीही काळजीने जुळवल्या तरी त्यांत केसभर फरक राहतो, आणि त्या फरकामुळे सूर चकाकतो. अशा दोन-तीन गिटारी एकाच वेळी वेगवेगळ्या जागी छेडल्या, तर कोणती तार कोणाची हे सांगता येत नाही. आपल्याला तंबोऱ्याची आठवण झाली ती बहुधा यामुळेच.

माझ्या मते जेनेसिसचा प्राण या विणीत आहे. बँडचा मूळ गिटारवादक अँथनी फिलिप्स आणि रदरफर्ड यांनी 'ट्रेसपास'मध्ये ती प्रथम नीट बांधली. 'स्टॅग्नेशन' हे त्यातले गाणे आपण ऐकावेच. रंगमंचाच्या भीतीमुळे फिलिप्सने १९७०मध्ये बँड सोडला, पण वीण त्याच्याबरोबर गेली नाही. १९७१च्या आरंभी आलेल्या हॅकेटने ती उचलली आणि 'द म्युझिकल बॉक्स'पासून तिला धार दिली. लोक या बँडची चर्चा करताना गॅब्रिएलचे मुखवटे आणि मेलोट्रॉन (फितींवर मुद्रित केलेले सूर वाजवणारे कीबोर्ड वाद्य) यांविषयीच बोलत राहतात. गिटारींकडे लक्ष कमी जाते, याचे मला फार वाईट वाटते.

प्रश्न : मी हौशी रंगभूमीवर बरीच वर्षे काम करतो. 'द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे' या अल्बमला नाटक म्हणता येईल का? — एक रंगकर्मी, सांगली

उत्तर : ध्वनिमुद्रिका म्हणून पाहिले तर नाही, प्रयोग म्हणून पाहिले तर बऱ्याच अंशी होय. पण त्याआधी हा बँड नाटकाकडे वळला कसा, हे पाहायला हवे, आणि त्याचे उत्तर पुन्हा त्या बारा तारांतच आहे. दोन गाण्यांच्या मधे या गिटारी जुळवायला खूप वेळ लागत असे. प्रेक्षकांसमोर ती स्तब्धता असह्य होई, म्हणून गॅब्रिएल विचित्र, अर्धवट भीतिदायक गोष्टी सांगू लागला. गोष्टींच्या मागून सोंगे आली. १९७२मध्ये डब्लिनच्या प्रयोगात तो कोणालाही, अगदी साथीदारांनाही, न सांगता पत्नीचा लाल पोशाख घालून आणि कोल्ह्याचे मुंडके चढवून रंगमंचावर आला. 'फॉक्सट्रॉट'च्या मुखपृष्ठावर कोल्ह्याचे तोंड असलेली, लाल पोशाखातली जी स्त्री आहे, ती हीच. पुढे 'वॉचर ऑफ द स्काइज'साठी वटवाघळाचे पंख, 'सपर्स रेडी'तल्या एका भागासाठी फुलाचा मुखवटा, 'द म्युझिकल बॉक्स'च्या अखेरीस म्हाताऱ्याचा चेहरा अशी भर पडत गेली.

'द लॅम्ब' हा नोव्हेंबर १९७४चा दुहेरी अल्बम आहे. रेल हा न्यूयॉर्कमधला पोर्तोरिकन वंशाचा उनाड मुलगा शहराच्या पोटातल्या एका दुसऱ्याच जगात ओढला जातो, तिथे पिंजरे, बत्तीस दारांची खोली आणि विद्रूप देहाचे स्लिपरमेन त्याला भेटतात, आणि शेवटी बुडणाऱ्या भावाला वाचवताना त्याला भावाच्या जागी स्वतःचाच चेहरा दिसतो, असे त्याचे कथानक आहे. एका गाण्याचा अपवाद वगळता सगळे शब्द गॅब्रिएलने एकट्याने लिहिले, आणि संगीत मुख्यतः बाकीच्या चौघांनी वेगळे बसून रचले. ही फाळणी ऐकू येते. पहिली तबकडी अप्रतिम आहे: 'इन द केज'मधली धाप लागलेली घुसमट आणि 'द कार्पेट क्रॉलर्स'मधली हळूहळू वर चढणारी प्रार्थना यांना तोड नाही. दुसऱ्या तबकडीत मात्र कथेची वळणे इतकी दाटतात की कथा पुढे नेण्यासाठी संगीत वाट पाहत थांबले आहे, असे जागोजागी वाटते. 'सायलेंट सॉरो इन एम्प्टी बोट्स'सारखी वाद्यांची रचना तिथे सर्वांत उठून दिसते, ती तिला कथा सांगायची नाही म्हणूनच.

आता आपल्या प्रश्नाकडे. सांगलीत १८४३मध्ये विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' केले, तेव्हा कथेचा धागा सूत्रधाराच्या पदांत होता आणि पात्रे त्याच्या आधाराने वावरत होती, हे आपण जाणताच. 'द लॅम्ब'च्या प्रयोगात सूत्रधारही गॅब्रिएल, रेलही गॅब्रिएल आणि स्लिपरमॅनही गॅब्रिएल. मागे तीन पडद्यांवर चित्रे बदलत राहत, आणि साथीदार खाली मान घालून वाजवत. अल्बम बाजारात येतो न येतो तोच सबंध दीड तासाचे अनोळखी काम प्रेक्षकांपुढे ओळीने मांडण्याचे धाडस त्यांनी केले. पण नाट्य घडायला समोर दुसरे पात्र लागते, ते येथे नाही. स्लिपरमॅनच्या अवाढव्य सोंगात तर गॅब्रिएलला मायक्रोफोन तोंडाजवळ नेणेही जड जाई, म्हणजे दिसण्यासाठी ऐकू येण्याचा बळी गेला. आपल्यासारख्या रंगकर्मीने यातला पहिला अर्धा भाग दिग्दर्शकाच्या नजरेने जरूर ऐकावा. दृश्ये कशी तोडली आणि जोडली आहेत, ते पाहण्यासारखे आहे.

प्रश्न : आम्हा मित्रांत वाद आहे. एकाचे म्हणणे, १९७५मध्ये गॅब्रिएल गेला आणि जेनेसिस संपला. आपले मत काय? — काही मित्र, तासगाव

उत्तर : माझे मत ठाम आहे. जेनेसिसचे रूप गॅब्रिएल गेल्याने बदलले नाही. ते १९७७मध्ये हॅकेट गेल्याने बदलले.

पुरावा ऐकायचा असेल तर फेब्रुवारी १९७६चा 'अ ट्रिक ऑफ द टेल' लावा. अनेक गायकांची चाचणी घेऊन कोणीच मनासारखा न मिळाल्याने ड्रमवादक फिल कॉलिन्सच गाऊ लागला. तो काही नवखा नव्हता. 'फॉर अ‍ॅबसेंट फ्रेंड्स' आणि 'मोर फूल मी' ही आधीच्या अल्बमांतली गाणी त्याचीच. त्याचा आवाज गॅब्रिएलइतका खरखरीत आणि सोंगाडा नाही, अधिक निर्मळ आहे, आणि 'एन्टँगल्ड' व 'रिपल्स' या गाण्यांना तोच शोभतो. या दोन्ही गाण्यांत बारा तारांची वीण शाबूत आहे. 'लॉस एंडोस' हा शेवटचा वाद्यमेळ विरत जातो तेव्हा कॉलिन्स 'सपर्स रेडी'मधली एक ओळ अगदी मागून, ऐकू येईल न येईल अशी गातो. गेलेल्या मित्राला इतक्या मायेने दिलेला निरोप मला दुसरीकडे कुठे आढळलेला नाही.

त्याच वर्षअखेरीस 'विंड अँड वदरिंग' आला. बँक्सचे 'वन फॉर द व्हाइन' आणि हॅकेटच्या नायलॉनच्या तारांच्या गिटारीने उघडणारे 'ब्लड ऑन द रूफटॉप्स' ही दोन गाणी माझ्या लेखी 'सेलिंग इंग्लंड'च्या तोडीची आहेत. आपल्या रचनांना बँडमध्ये पुरेशी जागा मिळत नाही, या भावनेने हॅकेट बाहेर पडला, आणि १९७८च्या अल्बमवर गिटारीचा सगळा भार रदरफर्डवर आला. 'फॉलो यू फॉलो मी' गाजले, नवा श्रोता मिळाला, पण दोन गिटारींमधला संवाद कायमचा थांबला. सुरांच्या मधली ती धुकट जागा पुढे सिंथेसायझरने व्यापली.

तरीही पुढचे सारे टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. 'ड्यूक' (१९८०) हा ताकदीचा अल्बम आहे आणि त्याचा शेवट जुन्या जेनेसिसला लाज आणणारा नाही. १९८३चे 'मामा' अंगावर काटा आणते. 'इन्व्हिजिबल टच'मधले 'डोमिनो' दोन भागांत विस्तारताना जुनी सवय अजून जिवंत असल्याची साक्ष देते. या काळातला बँड मी आदराने ऐकतो. १९७०–७७चा बँड मात्र मला ऐकल्यावाचून राहवत नाही. तुमच्या मित्राला वाद संपवण्याआधी 'रिपल्स' एकदा शांतपणे ऐकवा.

प्रश्न : मी तबला शिकतो. 'द सिनेमा शो'च्या उत्तरार्धात रूपक ताल आहे का? — साताऱ्याहून एक वाचक

उत्तर : मात्रा सात आहेत, पण तो रूपक नव्हे. रूपकात समेवरच, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवरच, खाली (टाळीविना मोजायची जागा) येते आणि ठेक्याला बोलांचे शरीर असते. येथे सातांची मोजणी आहे, पण टाळी-खालीची मांडणी नाही. कॉलिन्स दर आवर्तनात आघातांच्या जागा किंचित हलवतो, त्यामुळे बँक्सच्या सिंथेसायझरला मोकळेपणाने फिरता येते. 'सपर्स रेडी'मधल्या 'अ‍ॅपोकॅलिप्स इन ९/८'साठी हातावर ३-२-४ अशी मोजणी धरा, आणि मग बँक्सचा ऑर्गन त्या नऊ मात्रांना न जुमानता वरून कसा वाहतो ते ऐका. 'टर्न इट ऑन अगेन' हे लोकप्रिय गाणेही तेरा मात्रांचे आहे. ऐकणाऱ्या बहुतेकांच्या ते लक्षात येत नाही, हेच त्यातले कसब.

प्रश्न : या अल्बमांच्या अनेक आवृत्त्या मिळतात. कोणती घ्यावी? — एक वाचक, मिरज

उत्तर : १९९४चे रीमास्टर, म्हणजे मूळ मिश्रण कायम ठेवून नव्याने तयार केलेली आवृत्ती. २००७पासून निक डेव्हिस या निर्मात्याने केलेल्या नव्या मिश्रणांत प्रत्येक वाद्य स्वच्छ वेगळे ऐकू येते, पण आवाज सर्वत्र मोठा केल्याने हळू आणि जोरकस भागांमधला फरक कमी झाला आहे. 'सपर्स रेडी'ला तो फरक अत्यावश्यक आहे. चांगल्या स्थितीतली जुनी एलपी मिळाली, तर तीच घ्या. 'फॉक्सट्रॉट'च्या दुसऱ्या बाजूवर आधी हॅकेटचे 'होरायझन्स' हे छोटे गिटारवादन आणि लगेच 'सपर्स रेडी' येते. ती बाजू न थांबवता एका बैठकीत ऐकावी.