सैन्यात जायचंय म्हणतोस, तर

चि. …
अनेक आशीर्वाद.

वर नाव घातलेलं नाही, कारण तुला ठाऊक आहे. गावही घालत नाही, न्यू जर्सी एवढं पुरे.

कॉलेजात टेबल मांडून बसलेल्या रिक्रूटरने तुला बोलावून पाण्याची बाटली दिली, आणि तुझा व्हिसा संपलेला, म्हणून कागदपत्रांवर गाडी आल्यावर तू चाचरलास तेव्हा "बघू, निघेल काहीतरी मार्ग" म्हणाला. माणूस वाईट नसेल. त्याला पोरं भरती करून द्यायची असतात, इमिग्रेशन हा त्याचा विषय नाही. पण मार्ग निघत नाही. आजच्या कायद्याने अमेरिकी सैन्यात घेतात ते नागरिकाला, ग्रीन कार्डवाल्याला आणि मायक्रोनेशिया, मार्शल बेटं, पलाऊ इथल्या लोकांना. बाकीच्यांसाठी 'राष्ट्रहिताला अत्यावश्यक' असा अपवाद संरक्षण खातं करू शकतं, पण आज तुझ्यासाठी तो कुणी करत नाहीये.

पूर्वी असं व्हायचं, हे तू वाचलंस ते खरं आहे. 'मावनी' नावाची योजना २००९ मध्ये सुरू झाली. मार्गारेट स्टॉक या निवृत्त लेफ्टनंट कर्नल आणि इमिग्रेशन वकील बाईंनी ती आखली होती. ग्रीन कार्ड नसलेले, पण इथे कायदेशीर राहणारे डॉक्टर, नर्स आणि सैन्याला हव्या असलेल्या भाषा बोलणारे तिच्यातून भरती झाले. त्या भाषांच्या यादीत हिंदी होती, त्यामुळे आपल्याकडची बरीच विद्यार्थी मंडळी गेली. दहा हजारांच्या वर लोक घेतले. ११ सप्टेंबर २००१ पासूनचा काळ नागरिकत्वाच्या कायद्यापुरता युद्धकाळ धरला जातो (बुश यांचा २००२ चा आदेश), म्हणून भरती झालेल्याला मधली ग्रीन कार्डाची पायरी गाळून थेट नागरिकत्वाचा अर्ज करता यायचा. कित्येकांनी बेसिक ट्रेनिंग संपतानाच शपथ घेतली. २०१४ मध्ये हे दार डाकावाल्या मुलांसाठीही (डाका म्हणजे लहानपणी इथे आणलेल्या, कागद नसलेल्या मुलांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण देणारी योजना) किलकिलं झालं, आणि २०१६ च्या शरदात योजनाच थांबली.

त्यानंतर जे झालं ते मी जवळून पाहिलं. माझ्या ओळखीतला एक तेलुगू मुलगा करारावर सही करून बसला होता. पार्श्वभूमीची चौकशी संपेना, ट्रेनिंगची तारीख येईना, आणि सही केली तेव्हा चालू असलेला विद्यार्थी व्हिसा मधल्या मध्ये संपला. ज्या सैन्याने त्याला घेतलं त्याच्याच वाट पाहण्यात तो बेकायदेशीर झाला. असे शेकडो होते, काहींना २०१८ मध्ये कारण न सांगता काढून टाकलं, आणि मग कोर्टकचेऱ्या. तुला ही हकीकत सांगतो ती एवढ्यासाठी, की उद्या अशी योजना पुन्हा आली तरी सही करण्याआधी विचार, की चौकशी लांबली तर मी कुठल्या कागदावर उभा असेन.

मी स्वतः गेलो तो ग्रीन कार्डावर. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत एका खोलीत सगळ्यांना चड्डीवर उभं करून उकिडवं, बदकासारखं चालायला लावतात. तिथे डॉक्टरचा मुलगा आणि ट्रकवाल्याचा मुलगा सारखेच हास्यास्पद दिसतात, आणि सैन्यातलं मला आवडलेलं पहिलं ते हेच. पण त्याच्या पुढच्या टेबलावर कार्ड मागतात, उलटसुलट करून बघतात. आणि सुरक्षा मंजुरीचा जो लांबलचक फॉर्म असतो, त्यात आईवडिलांचं नागरिकत्व, त्यांचा पत्ता, ते कुठल्या कागदावर इथे राहतात, सगळं लिहून द्यावं लागतं. वाटेल त्या टेबलावर बसून तसले फॉर्म भरणार असशील, तर तू फक्त स्वतःबद्दल लिहीत नाहीयेस हे ध्यानात ठेव.

आता जे सांगतो ते दोनदा वाच. कुठल्याही फॉर्मवर 'यू.एस. सिटिझन' या चौकोनात खूण करू नकोस. भरतीच्या नाही, नोकरीच्या आय-९ वर नाही, मतदार नोंदणीच्या तर नाहीच. व्हिसा संपून राहिलेल्याला या देशात पुढे कधीतरी माफी मिळू शकते. नागरिक असल्याचा खोटा दावा केलेल्याला जवळजवळ कधीच मिळत नाही. उद्या अमेरिकन मुलीशी खरंखुरं लग्न केलंस तरी ती एक खूण आडवी येईल. (लग्नाचा विषय काकाने काढायचा नसतो, पण कागदासाठी लग्न लावून देणारे महाभाग आपल्या समाजातही आहेत. त्यांच्यापासून दूर राहा.) न्यू जर्सीत २०२१ पासून इमिग्रेशनचे कागद नसले तरी ड्रायव्हिंग लायसन्स मिळतं, ते चांगलंच आहे. पण त्याच खिडकीवर मतदार नोंदणीही जोडलेली असते. क्लार्क घाईत असतो. तू घाईत असू नकोस.

एका नोंदणीचं मात्र उलटं आहे. सिलेक्टिव्ह सर्व्हिस, म्हणजे सक्तीची भरती कधी झालीच तर लागणारी यादी, तिच्यात १८ ते २५ वयाच्या पुरुषांची नावं असावी लागतात, कागद नसलेल्यांचीसुद्धा. सैन्यात घेणार नाहीत, पण यादीत नाव हवं! चालू व्हिसावर असलेल्याला ते लागू नाही, तुझा व्हिसा संपलाय म्हणून तुला आहे. तुझं नाव आहे का ते तपास, नसेल तर वकिलाला विचारून घाल. पुढे कधी नागरिकत्वाचा अर्ज करशील तेव्हा हे विचारतात.

तू लिहिलंस, "देशासाठी रक्त सांडायला तयार असलेल्यांना तरी कागद द्यायला नको का?" हे वाक्य तुझं नाही रे, टीव्हीवरचं आहे. २००१ मध्ये डिक डर्बिन आणि ऑरिन हॅच यांनी सेनेटमध्ये ड्रीम अॅक्ट मांडला तेव्हापासून ते फिरतंय. पुढच्या मसुद्यांत कागद मिळण्याची अट अशी, की लहानपणी आलेल्याने दोन वर्षं कॉलेज करावं किंवा दोन वर्षं सैन्यात काढावीत. डिसेंबर २०१० मध्ये तो हाउसमध्ये, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, २१६ विरुद्ध १९८ ने पास झाला आणि सेनेटमध्ये ५५ मतं मिळूनही पडला, कारण चर्चा बंद करायला ६० लागतात. मग सुधारणावाल्यांनी नुसती सैन्याचीच वाट मागून पाहिली. कॅलिफोर्नियाचे रिपब्लिकन जेफ डेनम यांचं एनलिस्ट विधेयक कधी पास झालं नाही, आणि २०१५ मध्ये संरक्षण विधेयकातलं त्याच अंगाचं एक निरुपद्रवी कलमसुद्धा २२१ विरुद्ध २०२ ने उपटून टाकलं. म्हणजे गणवेशाचा मुद्दा पुढे केला की विरोधक विरघळतात, हा अंदाज तिथेच खोटा ठरला.

मला त्या युक्तिवादाचाच राग येतो. पेटीतले वरचे चार आंबे दाखवून भाव करावा तसं ते आहे. वर्गात पहिला आलेला आणि बंदूक घेतलेला पोरगा पुढे करायचा, आणि खाली तुझी आई, जी डे-केअरमध्ये दुसऱ्यांची पोरं सांभाळते, तिचा विषयच काढायचा नाही. शिवाय कॉलेजची फी ज्याला परवडत नाही, त्याला त्या 'किंवा'मध्ये एकच बाजू उरते.

आणि रक्त सांडून मिळालेलं तरी टिकतं का? भगतसिंग थिंद हे नाव शोधून वाच. अमृतसर जिल्ह्यातला हा शीख तरुण १९१८ मध्ये अमेरिकी सैन्यात होता, फेटा बांधून गणवेशातला त्याचा फोटो आहे. त्या डिसेंबरात त्याला नागरिकत्व मिळालं आणि चार दिवसांत काढून घेतलं. दुसऱ्या कोर्टाने १९२० मध्ये पुन्हा दिलं, तर १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हिंदी माणूस 'गोरा' नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. त्याचे वकील होते सखाराम गणेश पंडित, जन्म अहमदाबादचा. त्या निकालानंतर सरकार खुद्द पंडितांचं नागरिकत्व काढायला निघालं. ते मात्र वरच्या कोर्टात जिंकले: तुम्ही दिलेल्या नागरिकत्वावर विसंबून मी वकिली उभी केली, संसार केला, आता मागे फिरता येणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. थिंदला अखेर १९३६ मध्ये मिळालं, ते पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी आदल्या वर्षी झालेल्या कायद्यामुळे. म्हणजे गणवेश उपयोगी पडला, पण अठरा वर्षांनी. आजही तिहुआनात हद्दपार झालेले माजी सैनिक राहतात. आणि जून २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात एका माळीकाम करणाऱ्या बापाला इमिग्रेशनच्या लोकांनी धरलं, त्याची तिन्ही मुलं मरीन सैनिक.

यावरून तुझ्या धाकट्या बहिणीचं. ती इथे जन्मली, नागरिक आहे, आणि घरात "ती आर्मीत गेली तर आपलं सगळ्यांचं होईल" असं बोलणं चालतं म्हणालास. ते बंद करायला सांग, माझं नाव घेऊन सांग. सैनिकांच्या जोडीदाराला, मुलांना आणि आईवडिलांना २०१३ पासून 'पॅरोल इन प्लेस' नावाची, देश न सोडता इथे तात्पुरतं राहू देणारी सवलत आहे, ती मुख्यतः सीमा चोरून ओलांडलेल्यांसाठी. तुझे आईबाबा एच-१बी (नोकरीचा) आणि एच-४ (कुटुंबाचा) व्हिसावर विमानतळावर शिक्का मारून आले, म्हणून ती त्यांच्या कामाची नाही. बहीण २१ वर्षांची झाली की ती त्यांच्यासाठी अर्ज करू शकते, त्याला सैन्य लागत नाही. आणि भावंडं त्या सवलतीत नाहीतच, म्हणजे तुझ्यासाठी तिने जाणं तर पूर्ण निष्फळ. तेरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर हे ओझं कशाला?

डाका तुला लागू नाही. त्यासाठी १५ जून २००७ पासून इथे असावं लागतं, तेव्हा तू पुण्यात रांगत होतास. "भारतात जाऊन नवा व्हिसा काढून येतो" हा विचार वकिलाला विचारल्याशिवाय नको: १८ नंतर वर्षभर बेकायदेशीर राहून जो बाहेर पडतो त्याला दहा वर्षं परत येता येत नाही. आजीची तब्येत नरम आहे हे ठाऊक असूनही हे लिहितोय.

जे आहे ते असं: या राज्यात तुला कॉलेजची स्थानिकांचीच फी आहे, २०१८ पासून राज्याची आर्थिक मदतही मिळते, आणि २०२० पासून व्यावसायिक परवान्यासाठी इमिग्रेशनची अट नाही. नोकरीचा परवाना ही वेगळी गोष्ट, ती अडचण आहेच, पण व्यावसायिक परवाना हातात असलेला माणूस उद्या कायदा बदलला तर पहिल्या दिवशी कामाला लागतो. तुला रेडिओलॉजीत जायचं होतं ना? ते कर.

तरीही सैनिकच व्हायचं असेल, कागद बाजूला ठेवूनही व्हायचं असेल, तर ते मला पुन्हा सांग. मग धावायला कुठे जायचं आणि गणित कसं सुधारायचं ते बघू.

शनिवारी वकीलबाईंकडे मी येतोय. तुझा जुना पासपोर्ट, आय-९४ (देशात शिरल्याच्या नोंदीचा कागद), आणि बाबांच्या कंपनीने कधी ग्रीन कार्डाचा अर्ज टाकला असेल तर त्याची नोटीस, जेवढं सापडेल तेवढं आण. नोटीस पिवळी पडली असली, फाटली असली तरी चालेल. आणि त्या रिक्रूटरला फोन करून सांग, विचार करून कळवतो. एवढंच सांग.

तुझा
काका