आजोबांच्या कपाटात सापडलेले चांदीचे, निळ्या मीनाकामाचे छोटे प्रवासी घड्याळ किती जुने असेल, आणि ते दुरुस्त करून विकावे का?

काडेपेटीएवढे चांदीचे घड्याळ, समोरच्या बाजूला बारीक नागमोडी रेघांवर पारदर्शक निळे मीनाकाम, एका कोपऱ्यात उडालेला टवका, न फिरणारी चावी, आणि मागच्या झाकणावर .925 हा चांदीच्या शुद्धतेचा आकडा, ओमेगासारखी खूण व लहान लिपीतील इंग्रजी ‘क्यू’ हे अक्षर, असे वर्णन आपण दिले आहे. वय ठरवण्यास एवढे पुरेसे आहे.

ओमेगासारखी दिसणारी खूण म्हणजे सिंह राशीचे चिन्ह असून, चांदीची शुद्धता तपासून ठसा मारणाऱ्या लंडनच्या तपासणी कार्यालयाने ते 1906 पासून परदेशातून आलेल्या चांदीवर उमटवण्यास सुरुवात केली. खुद्द इंग्लंडमध्ये घडलेल्या चांदीवर चालत्या सिंहाची मुद्रा असते आणि ती आपल्या घड्याळावर नाही; त्यामुळे ‘हे लंडनचे घड्याळ आहे’ ही घरातील समजूत अर्धीच खरी ठरते. तपासणी लंडनची, पण घडण बहुधा स्वित्झर्लंडची. लंडनमध्ये वर्षाक्षर, म्हणजे तपासणीचे वर्ष दाखवणारे अक्षर, दर मे महिन्यात बदलत असे आणि त्या मालिकेतील ‘क्यू’ 1911 चे आहे, म्हणून घड्याळावर ठसा मे 1911 ते मे 1912 या काळात बसला असे म्हणता येते. (1911 म्हटले की दिल्ली दरबाराची कथा जोडण्याचा मोह अनेक विक्रेत्यांना होतो, ठशावरून तसे काहीही सिद्ध होत नाही.) शेजारी आणखी दोन अक्षरे असल्यास ती कारागिराची नसून लंडनमधील आयातदाराची असण्याचीच शक्यता अधिक.

या वस्तूचे खरे मोल मीनाकामात आहे, आणि आपण सर्वांत जास्त जपायचे तेही तेच. जयपुरी मीनाकामात धातू खोदून त्या खळग्यांत रंग भरतात. येथे मात्र चांदीच्या पत्र्यावर यंत्राने अतिशय बारीक रेघा कोरल्या जातात, त्यावर रंगीत काचेची ओली पूड पसरली जाते आणि पत्रा सुमारे 800 अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजला जातो. असे थर एकावर एक चढवल्यानंतर खालच्या रेघांवरून परतणारा प्रकाश निळ्या काचेतून बाहेर येतो. घड्याळ हातात थोडे कलते केले की लाट सरकल्याचा भास होतो, तो यामुळेच. उडालेला टवका पुन्हा भाजून भरणे जवळजवळ अशक्य असते, कारण त्या तापमानाला धातूचे जुने डाग (सोल्डरचे जोड) वितळू शकतात आणि शेजारचे शाबूत मीनाकामही तडकू शकते. म्हणून दुरुस्ती करणारे सहसा रंगीत रेझिन भरतात. ते वाईट नाही, परंतु खरेदीदाराला ते सांगितले पाहिजे; अतिनील दिव्याखाली रेझिन वेगळे चमकते आणि जाणकाराला कळतेच. माझे मत विचाराल तर टवका आहे तसाच राहू द्यावा.

चांदी काळी पडली असली तरी रांगोळी, चिंच, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये. रांगोळीने मीनाकामावर ओरखडे उठतात आणि हॉलमार्कही झिजतो. सोडा घातलेल्या गरम पाण्यात बुडवण्याचा उपाय सध्या सर्वत्र सांगितला जातो, पण पाणी यंत्रात शिरले की गंज ठरलेला. सराफांकडील अल्ट्रासॉनिक यंत्रानेही तडा गेलेले मीनाकाम सुटू शकते. मऊ, कोरडे सुती कापड पुरे आहे.

चावी फिरत नाही म्हणजे ‘जास्त दिली गेल्यामुळे घड्याळ बिघडले’ असे लोक म्हणतात, परंतु जास्त चावीने घड्याळ बंद पडत नाही. बहुतेक वेळा कमान (आतील स्प्रिंग) पूर्ण गुंडाळलेली असते आणि जुने वंगण सुकून चिकट झाल्यामुळे चाके पुढे सरकत नाहीत. जोर न लावता ते जुनी यांत्रिक घड्याळे उघडणाऱ्या घड्याळजीकडे न्यावे, यंत्र सुटे करून साफ करण्यास सांगावे, आणि बाहेरील पेटीला पॉलिश करू नये हे स्पष्ट बजावावे.

किमतीबद्दल एवढेच सांगतो की सराफाकडे वजनावर विकू नये, आणि कसोटीवर घासूही देऊ नये. चांदी थोडीच भरेल आणि तीच रक्कम हाती पडेल. मूळ चामड्याची पेटी घरात शोधावी; तिच्या आतील रेशमावर दुकानाचे नाव छापलेले असल्यास किंमत बरीच वाढते. लंडनमधील भावाकडे पाठवून तेथील लिलावात विकण्याचा विचार आपण मांडला आहे. त्याआधी मात्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे लेखी विचारणा करावी, कारण शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात आणि पुरावस्तू ठरलेली वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. उत्तर येईपर्यंत ते कुरिअरने पाठवू नये.