महेश्वरला निघण्याआधी धाकट्याशी बोला

ताई,
दिवाळीनंतर दोन रात्रींसाठी महेश्वरला जायचं ठरतंय. नणंदेची माणसं काश्मीरला चालली आहेत, त्यामुळे "दोन-अडीच तासांवर जाऊन कसली सहल" असं सासूबाईंचं रोज चालू आहे. हॉटेल मी शोधायचं, फराळाचं मी करायचं, बॅगा मी भरायच्या. हे फक्त गाडी चालवणार. मागच्या वेळी पोटभर पोहे-जिलेबी खाऊन निघालो, दोन्ही मुलांना सगळ्यात मागे बसवून मोबाईल दिला, तरी मानपूरच्या पुढे घाटात धाकट्याने उलटी केलीच. तो सहा वर्षांचा आहे. सीट खराब झाली म्हणून हे त्याच्यावर ओरडले आणि पोचेपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. यंदा तो म्हणतोय, मी येत नाही, शेजारच्या काकूंकडे राहतो. हट्टीच आहे. सगळ्यांना खूश ठेवून ही सहल कशी पार पाडू?
— एक आई, लोकमान्य नगर, इंदूर

सगळ्यांना खूश ठेवायचं राहू द्या. सहा वर्षांचं मूल आईबाबांना, दादाला, नर्मदेतल्या नावेला सोडून शेजारी राहायला तयार होतं आणि तुम्ही त्याला हट्टी म्हणून मोकळ्या होता? त्याला गाडीत बसायची भीती वाटते आहे. पुन्हा पोटात ढवळेल, पुन्हा बाबा ओरडतील, हे त्याला आत्तापासून दिसतंय. काश्मीर आणि सासूबाईंचे टोमणे यांचं नंतर बघू. ही सहल त्याच्या पोटाच्या हिशेबाने आखा.

त्या दिवशी जे झालं ते त्याच्या हातात नव्हतं. गाडी वळते, उतरते, ते आतल्या कानाला कळतं; डोळे मात्र मोबाईलवर खिळलेले, ते सांगतात की सगळं स्थिर आहे. दोन्हींचा मेळ बसत नाही आणि मळमळ सुरू होते. साधारण २ ते १२ या वयात हा त्रास सगळ्यात जास्त होतो, पुढे बहुतेकांचा कमी होतो. त्यात तुम्ही त्याला बसवलंत तिसऱ्या ओळीत, जिथे हेलकावे जास्त आणि समोरचा रस्ता दिसत नाही, आणि पोटात तळलेली, पाकातली जिलेबी. मोबाईल तुम्हीच दिला होता, मग ओरडा त्याने का खायचा?

यंदा त्याला मधल्या ओळीत बसवा, खांद्यावरून जाणारा पट्टा असेल त्या जागी, बूस्टर सीटवर. बूस्टरने उंची मिळते आणि समोरची काच दिसते. बाजूने पळणारी झाडं बघायची नाहीत, लांबवर सरळ समोर बघायचं. पुढच्या सीटवर किंवा मांडीवर मात्र नको. मोबाईल, चित्रांचं पुस्तक, काहीही खाली मान घालून बघायचं नाही. गाणी, गोष्टी, भेंड्या चालतील. दादाचा मोबाईलही बंद, नाहीतर हा त्यात डोकावणारच.

निघण्याआधी दीड-दोन तास अर्धी दशमी किंवा दोन टोस्ट, बस्स. दूध नको, शेव घातलेले पोहे नकोत. पण उपाशीही नेऊ नका, रिकाम्या पोटानेही ढवळतं. वाटेत घोट घोट पाणी आणि मूठभर मुरमुरे. आलेपाकाची वडी चघळून काही मुलांना बरं वाटतं, द्यायला हरकत नाही. गाडीत लटकवलेलं अत्तर आदल्या दिवशीच काढून टाका. बंद गाडीतला तो गोड वास भल्याभल्यांना सोसत नाही.

औषध हवं असेल तर या आठवड्यातच मुलांच्या डॉक्टरांना विचारा. ते वजनावर ठरतं आणि डॉक्टर सांगतील तितका वेळ आधी, निघण्यापूर्वीच द्यावं लागतं. मळमळ सुरू झाल्यावर दिलेलं बहुतेक वेळा बाहेरच येतं. मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका. घरात पडलेलं उलटीचं सिरपही नको, प्रवासाच्या मळमळीवर ते बरेचदा चालतच नाही.

मानपूरला घाटाआधी दहा मिनिटं थांबा. सगळ्यांना उतरवा, त्याला चालवा, मग खिडकी चार बोटं उघडी ठेवून घाट उतरा. घाटात वळणावर गाडी थांबवता येत नाही, तिथे ट्रक असतात, म्हणून चिन्हं आधी ओळखा. बडबडणारं मूल गप्प होतं, जांभया देतं, सारखी थुंकी गिळतं, वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब येतात. हे दिसलं की पिशवी हातात. दोन पिशव्या एकात एक घाला, तळाशी वर्तमानपत्राची घडी ठेवा, आणि घरीच पाणी भरून बघा, भोक असलेली पिशवी नेमकी त्याच वेळी हाती येते. बदलायचा शर्ट, ओला रुमाल, पाण्याची बाटली पायाशी ठेवा, डिकीत नको. सीटवर जुना टॉवेल आणि त्याखाली प्लास्टिक घातलं की सीटकव्हरचा प्रश्नच मिटला. उलटी झालीच तर पंधरा मिनिटं काही देऊ नका, मग चमच्याचमच्याने पाणी किंवा ओआरएस.

तुमच्या यजमानांचं काम नुसतं गाडी चालवणं नाही. रेस-ब्रेक, रेस-ब्रेक केलं की मागे बसलेल्याचं पोट हलतं. घाट खालच्या गिअरमध्ये, एका लयीत उतरायचा. दुसरं काम त्याहून मोठं. त्यांनी स्वतः धाकट्याला जवळ घेऊन सांगायचं की मागच्या वेळी मी ओरडलो ते चुकलं, यंदा तू "थांबा" म्हणालास की जागा मिळताच गाडी थांबणार. हे तुम्ही त्यांच्या वतीने सांगू नका. ओरडणारे ते होते, त्यांच्याच तोंडून ऐकल्याशिवाय पोराचा विश्वास बसणार नाही. मग एखाद्या संध्याकाळी इंदूरजवळच्या राऊपर्यंत चक्कर मारा, तो म्हणेल तिथे खरंच थांबा.

महेश्वरला पोचल्यावर अर्धा तास नदीकाठच्या पायऱ्यांवर नुसतं बसा, नावेत लाइफ जॅकेट घातल्याशिवाय चढू देऊ नका. आणि परतताना दाल-बाफल्यांचं जेवण करून लगेच निघू नका. मानपूरचा तोच घाट आता चढायचा आहे. सकाळी हलकं खाऊन निघा, जेवायला इंदूर गाठा.