नव्या कंपनीआधी जुनी नीट मिटवा
धंदा बुडाल्यावर नव्या कल्पनेमागे धावण्याआधी जुन्या कंपनीची कागदपत्रे निकाली काढा, हे मी तुम्हाला कळकळीने सांगतो. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला नुसते कुलूप लावले आणि सलग 3 आर्थिक वर्षे वार्षिक विवरणपत्रे भरली नाहीत, तर 2013 च्या कंपनी कायद्यानुसार संचालक 5 वर्षे संचालकपदासाठी अपात्र ठरतो. म्हणून देणी चुकती करून एसटीके-2 अर्जाने कंपनीचे नाव नोंदवहीतून काढून घ्या. बँकेला वैयक्तिक हमी दिली असेल, तर ती जबाबदारी कंपनीबरोबर संपत नाही.

मग अपयशातून हाताशी काय उरले ते शांतपणे पाहा. स्टुअर्ट बटरफील्ड यांचा ‘ग्लिच’ हा ऑनलाइन खेळ 2012 मध्ये बंद पडला, पण तो बनवताना सहकाऱ्यांनी आपसातील संवादासाठी जे साधन घडवले होते, त्यातून ‘स्लॅक’ हे कार्यालयीन संवादाचे ॲप उभे राहिले आणि 2021 मध्ये सेल्सफोर्स या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीने ते सुमारे 2,770 कोटी डॉलरना विकत घेतले.

पुढे कंपनी विकायची असेल, तर सॉफ्टवेअरचा कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाकडून, विशेषतः फ्रीलान्सरकडून, त्या कोडचे हक्क कंपनीच्या नावे लेखी करून घ्या. खरेदीदाराचे वकील ते कागद मागतातच, आणि तेव्हा काम सोडून गेलेल्या माणसाची सही मिळवणे फार जड जाते.