गाणं मी लिहिलं, चाल लावली आणि गायलंही. वितरकामार्फत स्पॉटिफायवर टाकलं, थोडे पैसे येतात. एवढंच मिळायचं असतं का? (दादर, मुंबई)

नाही, वितरकाकडून येतो तो फक्त ध्वनिमुद्रणाचा वाटा. गीतकार आणि संगीतकार म्हणून तुमची रॉयल्टी वेगळी असते आणि ती आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) या संस्थेमार्फत मिळते. एकाच स्ट्रीममध्ये दोन हक्क असतात, एक रेकॉर्डिंगचा आणि दुसरा शब्द व चालीचा. पहिल्याचा माग आयएसआरसी, म्हणजे प्रत्येक रेकॉर्डिंगला मिळणाऱ्या ओळख क्रमांकावरून लागतो. दुसऱ्यासाठी तुम्हाला आयपीआरएसचं सभासद व्हावं लागतं, आणि बहुतेक जण इथेच चुकतात: नुसतं सभासद होऊन भागत नाही, प्रत्येक गाणं स्वतंत्रपणे नोंदवावं लागतं. नोंदवलेलं नसेल तर पैसे कोणाचे हे संस्थेला कळणार कसं? संस्था मुंबईतलीच आहे, अर्जही ऑनलाइन होतो. नोंदणीत

- गाण्याचं नाव आणि आयएसआरसी
- कोणाचा किती टक्के वाटा (बेरीज 100 व्हायलाच हवी, हे मित्रांशी रेकॉर्डिंगआधीच लिहून ठरवा)

एवढं तरी चोख भरा. गायक म्हणून असलेला हक्क पुन्हा निराळा. त्यासाठी इसाम्रा ही संस्था आहे.

मात्र लेबलशी, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीशी, करार केला असेल तर रेकॉर्डिंगचा वाटा करारात लिहिलं असेल तसाच मिळेल. शब्द-चालीचं तसं नाही: 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा लेबलला लिहून देता येत नाही, फक्त वारसांना किंवा आयपीआरएससारख्या कॉपीराइट संस्थेला देता येतो. करारात तसं कलम दिसलं तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.