हजाराला वीस कमी

प्रश्न : सर, मी एम.ए.ला आहे. लोकशाही देश आपसांत युद्ध करत नाहीत, हे लघुप्रबंधात आकड्यांवर तपासते आहे. माझ्या डेटासेटमध्ये कारगिल 'युद्ध' म्हणून नोंदलंय. अट हजार मृत्यूंची, आणि आपले जवान गेले 527. मग हे युद्ध काहून?
– एक विद्यार्थिनी, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : तुझा डेटा युद्धांची मोजदाद करणाऱ्या 'कोरिलेट्स ऑफ वॉर' या प्रकल्पाचा दिसतो. डेव्हिड सिंगर यांनी 1963 मध्ये मिशिगन विद्यापीठात हे काम सुरू केलं. त्यांचा हजार म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून, आणि फक्त लढणारे. सामान्य नागरिक त्यात नाहीत.

आता खरी गंमत. पाकिस्तानी लष्कराने 2010 मध्ये आपल्या मृतांची जी यादी दिली, तीत नावं 453. बेरीज कर. 980! हजाराला वीस कमी. पाकिस्तानी मृतांचा भारताचा अंदाज धरला तर आकडा हजाराच्या बराच पुढे जातो. इकडे वाजपेयी, तिकडे नवाज शरीफ, दोघेही निवडून आलेले. म्हणजे तुझ्या सिद्धांताला अपवाद आहे की नाही, हे कोणाची यादी मानायची यावर आलं.

मी आमच्या फ्लॅट स्कीमचा सेक्रेटरी होतो. लेखी तक्रार आली तरच भांडण धरायचं, असा माझाच नियम. पाण्याच्या मोटरवरून जिन्यात वर्षभर कोणी कोणाशी बोललं नाही, आणि रजिस्टरमध्ये भांडणं शून्य.

म्हणून मला रिचर्डसन आवडतो. मूळचा हवामानशास्त्रज्ञ, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवायचा. त्याने प्रत्येक भांडणातल्या मृत्यूंचा लॉग घेतला, म्हणजे तो आकडा दहाचा कितवा घात आहे ते. एक खून म्हणजे 0, हजार मृत्यू म्हणजे 3. त्याच्या पट्टीवर 980 येतात 2.99 वर. उंबरठ्यावर अडून बसायचं कामच नाही.

स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाचा डेटाही बघ. तिथे वर्षाला 25 मृत्यू झाले की सशस्त्र संघर्ष म्हणून नोंद होते. युद्ध म्हणायला मात्र त्यांनाही हजारच लागतात.

तू कारगिल धरून एकदा आणि वगळून एकदा गणित कर, दोन्ही उत्तरं छाप. आणि 527 असो की 453, आकडा कोणी दिला, कधी दिला, ते तळटीपेत लिही. व्हायव्हाला मी समोर असतो तर पहिलं तेच विचारलं असतं.