2001 सालच्या मारुती झेनला चालतील असे सुटे भाग कसे शोधावेत?

आपल्या प्रश्नाचा आशय असा : आपल्याकडे 2001 सालची पेट्रोलवर चालणारी मारुती झेन आहे, वर्कशॉपच्या काउंटरवर बरेचसे भाग ‘बंद झाले’ असे सांगितले जाते, बाजारातले दुकानदार भलत्याच मॉडेलचे भाग ‘बसेल, घेऊन जा’ म्हणून पुढे करतात, आणि त्यांतले कोणते घ्यावेत हे कळत नाही. माझ्याकडेही झेनच आहे, आपल्यापेक्षा जुनी, कार्ब्युरेटरची, आणि ती रोज रस्त्यावर असते. त्या अनुभवावरून सांगतो की भाग कधीही गाडीच्या नावावरून मागू नये. तो पार्ट नंबरवरून मागावा आणि जेथे नंबरावर माल मिळत नाही तेथे मापावरून शोधावा.

झेनच्या बाबतीत तर नावाने होणारी दिशाभूल अधिकच मोठी आहे. आपली झेन 1993 साली बाजारात आली आणि 2006 साली तिचे उत्पादन थांबले. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेली झेन एस्टिलो ही पूर्णपणे वेगळी गाडी आहे. जुन्या झेनचे इंजिन 993 सीसीचे, तर एस्टिलोचे सुरुवातीला 1061 सीसीचे होते, आणि दोघींच्या बॉडीचाही एकमेकींशी संबंध नाही. काउंटरवरच्या तरुण मुलाने जुनी झेन कदाचित पाहिलेलीही नसते, त्यामुळे नुसते ‘झेन’ म्हटले की तो सरळ एस्टिलोचा भाग काढून देतो. दुसरा घोळ अल्टोचा. भारतात तयार झालेली झेन युरोपात सुझुकी अल्टो या नावाने विकली जात असे, आणि भारतात 2000 साली आलेली अल्टो मात्र निराळी होती. म्हणून परदेशी संकेतस्थळांवर 1990 च्या दशकातल्या अल्टोचे भाग दिसले तर ते आपल्या उपयोगाचे असू शकतात, पण आपल्याकडच्या अल्टोचे भाग केवळ नावाच्या आधारे घेऊ नयेत. परदेशातून हेडलाइट मात्र मागवू नका. युरोपात बहुतेक देशांत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे तिथल्या दिव्याचा झोत उजवीकडे उचललेला असतो आणि आपल्या रस्त्यावर तो थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

खुद्द झेनमध्येही सर्व गाड्या सारख्या नाहीत. आधी कार्ब्युरेटर होता, प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसे एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी यंत्रणा) आले, पुढे 16 व्हॉल्व्हचे हेड (इंजिनाचा वरचा भाग) आले, आणि काही गाड्यांना प्यूजो कंपनीचे 1527 सीसीचे डिझेल इंजिन होते. हेड गॅस्केट किंवा टायमिंग बेल्ट घेताना आपले हेड 8 व्हॉल्व्हचे की 16 व्हॉल्व्हचे, हे आधी ठाऊक असलेच पाहिजे. 2003 साली गाडीचा समोरचा भाग बदलला, तेव्हा त्यानंतरचे हेडलाइट, बंपर आणि बॉनेट आपल्या 2001 च्या गाडीसाठी विचारातही घेऊ नयेत.

त्यामुळे पहिले काम म्हणजे आरसी पुस्तकावरून किंवा स्मार्ट कार्डवरून चासी नंबर, इंजिन नंबर आणि उत्पादनाचा महिना व वर्ष लिहून घेणे. नोंदणीची तारीख नव्हे, उत्पादनाची तारीख. वर्षअखेरीस तयार झालेली गाडी पुढच्या वर्षी नोंदली जाणे अगदी नेहमीचे आहे. चासी नंबर ‘एमए3’ ने सुरू होत असेल, आणि तो पूर्ण सांगितला की कंपनीच्या कॅटलॉगमधून नेमका पार्ट नंबर काढता येतो. वर्कशॉपने भाग उपलब्ध नाही असे सांगितले तरी त्या भागाचा नंबर तेवढा लिहून मागावा. त्याचबरोबर त्या नंबराच्या जागी कंपनीने नंतर दुसरा नंबर दिला आहे का, हे स्पष्टपणे विचारावे, कारण पुष्कळदा भाग बंद झालेला नसतो, केवळ त्याचा नंबर बदललेला असतो आणि जुना नंबर टाकणाऱ्याला संगणकावर साठा शून्य दिसतो.

सुझुकीच्या नंबरातले पहिले पाच अंक भाग कोणता आहे हे सांगतात. उदाहरणार्थ, 16510 म्हणजे ऑइल फिल्टर आणि 17400 म्हणजे वॉटर पंप. पुढचे अंक व अक्षरे तो भाग कोणत्या मॉडेलसाठी आखलेला आहे ते दाखवतात. त्यामुळे मारुतीच्याच एस्टीम किंवा जिप्सी या गाड्यांच्या एखाद्या भागाचा पूर्ण नंबर झेनच्या नंबराशी जुळला तर तो डोळे मिटून घ्यावा, आणि फक्त पहिले पाच अंक जुळले तर तेवढ्यावरून काहीही ठरवू नये. झेन, एस्टीम आणि जिप्सी यांची पेट्रोल इंजिने सुझुकीच्या एकाच ‘जी’ मालिकेतली आहेत, आणि जिप्सी झेननंतर दहा वर्षांहून अधिक काळ बनत राहिली. जुन्या झेनच्या मालकाला याचा फायदा होतो. पण तो फायदा नंबर पाहूनच घ्यायचा असतो.

कंपनीच्या वेष्टनातला माल संपला तरी तो बनवणारे कारखाने बहुधा चालू असतात, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वाहन कंपन्या बहुतेक भाग बाहेरून घेतात. शॉक ॲब्सॉर्बर बनवणारी गॅब्रिएल, स्टार्टर व अल्टरनेटर बनवणारी लुकास टीव्हीएस, ब्रेकचे भाग बनवणारी ब्रेक्स इंडिया, दिवे बनवणारी लुमॅक्स अशा कंपन्या आपल्या नावानेही बाजारात माल विकतात. गाडीवरचा जुना भाग काढल्यावर तो पुसून, घासून त्यावर कोरलेले नाव आणि नंबर वाचावेत व त्यांचा फोटो काढून ठेवावा. जुना भाग हाती येण्याआधीच तो मेकॅनिकने भंगारात टाकून दिला, तर हा मार्ग कायमचा बंद होतो. म्हणून गाडी देतानाच जुने भाग परत हवेत असे बजावावे.

काही भागांसाठी तर गाडीचे मॉडेल माहीत असण्याचीही गरज नसते. बेअरिंगवर 6203 असे कोरलेले असेल तर त्याचे आतील माप 17, बाहेरील 40 आणि जाडी 12 मिलिमीटर, मग ते झेनमधले असो वा पिठाच्या गिरणीच्या मोटरमधले. नंबरापुढची अक्षरे मात्र सोडू नयेत. 2आरएस म्हणजे दोन्ही बाजूंनी रबरी सील, झेडझेड म्हणजे पत्र्याचे झाकण, आणि सी3 म्हणजे आत थोडी अधिक मोकळीक, जी गरम होणाऱ्या जागी लागते. ऑइल सीलवर आतील व्यास, बाहेरील व्यास आणि जाडी याच क्रमाने मापे छापलेली असतात. फॅन बेल्टवर 4पीके आणि त्यापुढे एक आकडा असेल, तर चार धारा आणि मिलिमीटरमधली लांबी असा त्याचा अर्थ. हेडलाइटचा एच4 प्रकारचा बल्ब कोणत्याही कंपनीचा चालतो, फक्त वॅट तेवढेच असावेत, नाहीतर होल्डर वितळतो.

स्पार्क प्लगच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी लागते. त्याची चूडी, चूडीची लांबी आणि उष्णतेची श्रेणी या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. चूडी गरजेपेक्षा लांब असेल तर प्लगचे टोक आत पिस्टनवर किंवा व्हॉल्व्हवर आपटू शकते. शिवाय एनजीकेमध्ये श्रेणीचा आकडा जितका मोठा तितका प्लग ‘थंड’, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा, आणि बॉशमध्ये नेमके उलट, त्यामुळे एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीला लावून प्लग घेणे म्हणजे इंजिनाशी वैर करणे होय. दोन्ही कंपन्यांचे तुलना-तक्ते मिळतात, ते पाहावेत.

बाजाराविषयी फार लिहीत नाही. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊसचा परिसर नव्या मालासाठी आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड जुन्या मालासाठी, दिल्लीत काश्मिरी गेट व मायापुरी, ही नावे या धंद्यात सर्वांना ठाऊक आहेत. बूडमोसारख्या संकेतस्थळावर पार्ट नंबर टाकून पर्यायी कंपन्यांचे भाग पाहता येतात. निदान किंमत किती असावी याचा अंदाज येतो, आणि दुकानात घासाघीस करायला तो पुरतो. इलेक्ट्रिकचा भाग एकदा पाकिटातून काढला की बहुतेक दुकानदार परत घेत नाहीत, हे ध्यानात ठेवून सेन्सर किंवा इग्निशन कॉइल घेताना कनेक्टरच्या पिना तिथेच मोजून घ्याव्यात.

कापलेल्या गाड्यांचे भाग घेण्यात कमीपणा मानू नये, परंतु काय घ्यावे याची मर्यादा घालावी. दाराची काच, हँडल, डॅशबोर्डचे प्लॅस्टिक, आरसे, सीट, डिकीचे दार, चांगल्या स्थितीतला टेललाइट हे सर्व जुने चालते, किंबहुना झेनसाठी बऱ्याचदा तेच मिळते. ब्रेकचे पॅड व होज, टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, टायमिंग बेल्ट आणि टायर यांपैकी एकही वस्तू जुनी घेऊ नये. येथे दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला ‘नवा’ मालही मी जुनाच समजतो. रबर वापरले नाही तरी कडक होते, त्याला तडे जातात. पाकीट कोरे दिसले तरी त्यावरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष वाचावे. कंपनीच्या नावाची हुबेहूब नक्कल केलेली पाकिटेही मिळतात. होलोग्राम, छापील किंमत आणि पक्के बिल यांपैकी बिलाला दुकानदार टाळाटाळ करू लागला, तर मी तो माल घेत नाही.

एवढे करूनही जे मिळत नाही, ते दुरुस्त करून घेता येते का, हे पाहावे. नवे घेण्याची सवय लागल्यामुळे हा विचार आपण शेवटी करतो, पण जुन्या गाडीसाठी तो आधी करायला हवा. रेडिएटरचा नवा कोर बसवून मिळतो, स्टार्टर आणि अल्टरनेटर नव्याने गुंडाळून मिळतात, जळलेल्या हेड गॅस्केटबरोबर हेडचे फेसिंग, म्हणजे त्याचा पृष्ठभाग घासून सपाट करणे, करून घेता येते, आणि सस्पेन्शनचे बुश मापाने दाबून बसवता येतात. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या ठिकाणी लेथवर काम करणारे असे कारागीर आजही आहेत की ते नमुना हातात घेऊन तसाच भाग घडवून देतात. झेनचे इंजिन ॲल्युमिनियमचे असल्यामुळे फेसिंग करणाऱ्याला हे आधी सांगावे, आणि किती जाडी काढली ते विचारून लिहून ठेवावे, कारण पुढच्या वेळी आणखी काढायला वाव आहे की नाही, हे त्यावरच ठरते.

पूर्ण इंजिनच बदलण्याची वेळ आली, तर बाजारातून ‘चालू इंजिन’ घेण्याआधी आपल्या आरटीओत चौकशी करावी. इंजिन नंबर आरसीवर नोंदलेला असतो, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार असा बदल नोंदवून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी विकत घेतलेल्या इंजिनाच्या मालकीची कागदपत्रे व खरेदीचे बिल हाती असणे आवश्यक आहे. कागदपत्रांशिवाय मिळणारे इंजिन कितीही स्वस्त असले तरी ते घेऊ नये; ते कोणत्या गाडीतून निघाले आहे, हे विकणाऱ्यालाही बऱ्याचदा सांगता येत नाही.